निवेदनाचा चौथा खर्डा

'प्रति, पोलीस अधीक्षक, सांगली.'
इथवर सगळ्यांचं एकमत आहे.
पुढं 'विनंती' लिहायचं की 'मागणी',
यावर जत्रेचा मांडव सुटल्यापासनं आम्ही सातजण
खिंडीवाडीत, रामहरीच्या गच्चीवर,
सिमेंटच्या गरुडाखाली बसलोय.
उद्या सकाळी सांगली. संध्याकाळी मिरजेहून गाडी.
परवा ज्याची त्याची भट्टी.

अधिक म्हणतो, मागणी. आपण काय भीक मागतोय?
रामहरी म्हणतो, विनंतीच बरी, साहेब नवीन आहेत.
कटकहून, लुधियान्याहून, त्रिचूरहून
न आलेले फोनवर नावं घालतायत.
कागदावर गाव भरलंय.
इथनं खाली बघितलं तर
एकशे चाळीस घरांतले एकतीस दिवे,
बाकीच्यांना ग्रॅनाइटच्या पायऱ्या
आणि विट्याहून आणलेली कुलपं.

मजकूर असा :
पाच महिन्यांत नऊ घरफोड्या.
मळ्याकडच्या खांबांवर दिवे नाहीत.
चौदा गावांना एक हवालदार,
गाडी त्याची स्वतःची, पेट्रोलही स्वतःचं.
रात्रगस्तीला एक पेन्शनर सुभेदार,
एक बारावी नापास पोरगा,
आणि दोघांत मिळून एक शिट्टी.

हे लिहिता येतं.

बायडाक्काचं कसं लिहायचं?
बोरमाळ गेली, 'अंदाजे दोन तोळे', ठीक आहे.
पण त्याच दिवशी तिन्हीसांजेला कुणीतरी
तिच्या मोत्याला भाकरी घातली होती
आणि ती उंबऱ्यातनं म्हणाली होती,
'देव तुझं भलं करो, बाबा.'
पंचनाम्यात कुत्र्याला रकाना नसतो.
तेव्हापासनं चार म्हाताऱ्या एकाच सोप्यात निजतात,
उशाला मुसळ घेऊन.
त्यातली एक माझी आई.
सेलमला फोन केला की म्हणायची,
'काय न्हाय रं, समदं बरं हाय. जेवलास का?'
आणि रात्री अडीचला मिस्ड कॉल.
उलट लावला तर, 'चुकून लागला.'
रोज अडीचलाच कोण चुकतं?

तेवढ्यात मी बोलून गेलो, बोलायला नको होतं ते :
चोर काय माळ घालून मिरवत नाहीत.
ती कुठंतरी वितळते.
आपल्यासारखाच कुणीतरी, कदाचित आपल्याच तालुक्याचा,
न विचारता मुशीत टाकतो, सवागी मारतो,
टंच काढून पैसे मोजतो.
दिवाळीनंतर एकानं माझ्या काउंटरवर मणी ओतले,
एका मण्यात लाल धागा अडकलेला.
मी फक्त वजन बघितलं.
मुशीत गेल्यावर सोन्याला गाव राहत नाही.

कुणी काही बोललं नाही.
अधिकनं बिडी पेटवली, ओढलीच नाही.

मग रामहरीनंच पेन मागून घेतलं,
'मागणी' लिहिलं, दोनदा गिरवलं.
आणि तळाला बारीक अक्षरात :
'आम्हीही पावतीशिवाय सोनं घेणार नाही.'
ही ओळ ठेवायची की खोडायची,
यावर वाद चालू आहे.

भगवानतात्यांना सही येत नाही.
शाई लावली, अंगठा दाबला,
कागदावर नुसता काळा ठिपका.
तीस वर्षांच्या तेजाबानं रेषा खाल्ल्यात.
रेशनच्या यंत्रालाही तात्या ओळखू येत नाहीत.
मी ठिपक्याखाली ठळक लिहिलं :
भगवान तुकाराम सुर्वे, राहणार खिंडीवाडी.
'राहणार'वर पेन थोडं अडलं.

आणि खिशात फोन थरथरला.
दोन वाजून एकतीस मिनिटं. आई.
तिसऱ्या गल्लीत, त्या सोप्यातनं,
मी गावात आहे हे विसरून,
किंवा न विसरता.
उचलला. पलीकडं नुसता श्वास.
'आई, मी हितंच हाय. गच्चीवर.'
थोडा वेळ गेला.
'मग बॅटरी मार की खाली,' ती म्हणाली,
'कुत्रं न्हाय आता.'