दोनशे मिनिटं

चाळीस मिनिटांचा सामना, मैदानात पाच जणी.
पाच गुणिले चाळीस, दोनशे.
मिनिटं दोनशेच आहेत आणि मुली तेरा.
हा भागाकार आयोवातल्या चौथीच्या पोरालाही जमेल,
आमच्या अकराव्या रांगेला मात्र
नोव्हेंबरपासून जमलेला नाही.

डेल्मर ग्रोटहाउस म्हणतो, त्या नव्या पोरीला खेळवा.
पाण्यात पडल्याशिवाय पोहता येतं का कुणाला?
त्याच्या गुडघ्यावर बियाण्याच्या कंपनीची वही,
वहीत पेन्सिलीने टेगनची मिनिटं:
मंगळवारी चार, शनिवारी अडीच,
त्याआधी शून्य. शून्य दोनदा गिरवलेलं.
बाकावर बसवून ठेवलेली पोर, तो म्हणतो,
वसंतात दुसऱ्याच कॉलेजच्या जर्सीत उगवते.
मग बसा टाळ्या वाजवत.

व्हर्ला म्हणते, दम धर.
कणसात दूध भरायच्या आत सोलून बघतोस,
कसला रे शेतकरी तू!
परवा हिच्या डावीकडून ती बुटकी सरळ निघून गेली
आणि ही पंचांच्या तोंडाकडे बघत उभी.
कोच रोज सरावाला असते.
तू असतोस?

मी दोघांच्या मधे.
पॉपकॉर्न दोन्हीकडचं खाते,
त्यामुळे मत देताना पंचाईत होते.
तरी त्या रात्री बोलून गेलेच,
जरा मोठ्यानेच:
कॅरिसला बसवा आता, चार वर्षं पाहिली तिची,
पायात काही उरलं नाही पोरीच्या.

पुढच्या रांगेत राखाडी कोट होता.
वळला नाही. फक्त
थर्मासचं झाकण फिरवणारा हात थांबला,
आणि मग पुन्हा, फार हळू, फिरू लागला.
व्हर्लाने माझ्या बुटावर बूट ठेवला.
कॅरिसची आई. दर सामन्याला
नदीपलीकडून तीन तास गाडी हाकत येते,
रात्री तेवढेच तास परत.
तिचे कोण मोजतं?

मग बावीस गुणांची आघाडी. घड्याळात दोन मिनिटं सहा सेकंद.
कोचने बाकाकडे न बघताच बोट हलवलं,
आणि टेगन उठली ती अशी,
की सरावाचा शर्ट डोक्यातच अडकला.
सगळं सभागृह हसलं, मायेने.
बाहेर येणाऱ्या कॅरिसनेच तो ओढून काढला,
तिच्या कानात काहीतरी सांगितलं,
आणि बाकाच्या टोकाला जाऊन
टॉवेल तोंडावर घेतला.
घाम होता. घामच असेल.

टेगनचा पहिला फेक रिंगला शिवलाही नाही.
दुसरा तिने टाकलाच नाही,
मोकळी असून चेंडू देऊन टाकला.
पहिली टाळी राखाडी कोटातून आली.

बाहेर पार्किंगमध्ये उणे अठरा.
काचेवरचा बर्फ खरवडत डेल्मर अजून भांडतोय,
दोन मिनिटं सहा सेकंदांत काय शिकणार ती,
सांग ना, तू तर शाळेत खेळायचीस,
तुला किती मिनिटं मिळायची?

सगळी, मी म्हटलं.
बत्तीसच्या बत्तीस, तिन्ही वर्षं.
तेव्हा सहा-सहा जणींचा खेळ होता इथे,
तिघी बास्केट करणाऱ्या, तिघी अडवणाऱ्या,
मधली रेघ कुणी ओलांडायची नाही.
मी अडवणारी.
चेंडू हिसकावायचा, रेघेपर्यंत न्यायचा
आणि पलीकडच्या हातात द्यायचा.
अख्ख्या शाळेत माझ्याइतकी कुणी खेळली नसेल.
बास्केटकडे एकदाही
चेंडू फेकला नाही.

डेल्मरने वही उघडली,
हातमोजा दातांनी ओढून काढला,
आणि पेन्सिल धरून उभाच राहिला,
कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्याला कळेना.

व्हर्ला गाडीतून ओरडली,
शनिवारी सातला. आणि तू,
पुढे बघून बोलत जा.