निळसर

शेफील्ड. दिव्यापुढे धरलेला एक्स-रे,
त्यात शाल्मलीची मांडी, अकरा महिन्यांची,
आणि तीन जुन्या भेगा, मला ठाऊकच नसलेल्या.

मिसेस ओल्डरॉयड पेनाचं टोपण काढतात.
कुणी मोडलं?
लंगोट बदलताना, मी म्हणते. पाय उचलला फक्त.
त्या लिहितात. बराच वेळ लिहितात.
खाली ट्राम चढ चढत राहते.

सात आठवडे तिला घ्यायचं, तर शेजारी कुणीतरी बसलेलं.

मग रक्ताचा कागद आला. एका अक्षराची चूक,
बाबांकडून माझ्यात, माझ्यातून तिच्यात.
माझंही मनगट शाळेत दोनदा.
आणि द्वारकाआत्या! डोळ्यांचं पांढरं निळसर,
उंबऱ्याला अडखळली की हात गळ्यात.

बांगडी फुटली म्हणायचं नसतं आमच्यात,
वाढली म्हणायचं.
मिसेस ओल्डरॉयडना हे सांगायचं राहिलं.
दुभाष्यालाही जमलं नसतं.

तिसऱ्या वर्षी मांडीत सळई बसवली, लांबत जाणारी.
याच गावच्या पोलादाची, असं मी ठरवून टाकलंय.
अजून तिला उचलते
ओंजळीतून पाणी न्यावं तशी.

आज दाराच्या चौकटीवर पेन्सिलीची खूण केली.
दीड सेंटीमीटर.
वाढली.