टेन्शनर

आधी सकाळी सुरू करताना चार सेकंद,
पत्र्याच्या डब्यात कुणी चिंचोके हलवावेत तसा.
मग गाडी तापेपर्यंत.
मग मारवडपर्यंत.
दिवाळीनंतर तर कळमसऱ्याच्या फाट्यापासून
अमळनेरला शाळेचं फाटक येईस्तोवर
चिंचोकेच चिंचोके.

मी रेडिओ मोठा केला.
हा उपाय सहा महिने चालला.

धुळे रोडला रज्जाक मिस्तरीने माझी सीट उचलली.
अकरा वर्षं ज्याच्यावर बसून पोरं वाहिली
ते इंजिन मी असं समोरून कधी पाहिलं नव्हतं.
त्याने लांब पेचकस टेकवला, मूठ कानाला लावली,
डोळे मिटले,
दूर दिलेल्या पोरीचा फोन ऐकावा तसा गप्प राहिला.
"टेन्शनर गया, भिलाभाऊ."
"कितला?"

भंगाराच्या डब्यातून त्याने एक काढून दाखवला.
अंगठ्याएवढा.
तेलाचा दाब आला की आतून एक बोट बाहेर येतं
आणि चेनच्या पट्टीला रेटून धरतं, एवढंच त्याचं काम.
चेन दर वर्षी केसभर लांबते,
हा केसभर पुढे सरकतो.
सरकायला जागा संपली की
मग ऐकू येतं.

"नऊशे चाळीस."
मी मनात हो म्हणूनही टाकलं.
"पार्टचे. पण तो बसला आत.
बेल्ट काढा, पुली काढा, चेंबर सोडा,
मग पुढचं कव्हर. तेल जाणार, नवं भरणार.
उघडलंच तर चेन घाल, पट्ट्या घाल, सील घाल.
नऊ हजार सहाशे. तुमच्यासाठी."

म्हणजे वस्तू नऊशे चाळीसची
आणि तिच्यापर्यंत पोचायचं भाडं आठ हजार सहाशे साठ.
मी म्हटलं, तेवढा तोच बदल, बाकी राहू दे.
रज्जाक म्हणाला, "जुन्या चेनवर नवा टेन्शनर म्हणजे कसं,"
आणि थांबला.
त्याला पुढचं सुचेना.
मला ते बरं वाटलं.

घरी रात्री उशिरा सांगितलं.
प्रमिला भाकरी थापत होती, हात थांबला नाही.
"मी तं कव्हयनी आयकी ऱ्हायनू.
म्हटलं, तुम्ही सांगाल."
मग पिठाच्या हातानेच हिशोब.
कुणाचे जूनचे सहाशे राहिले, कुणाचे दोन महिन्यांचे,
भिशी या खेपेला आपण मागून घ्यायची,
चारशे कमी मिळतील, मिळू दे.

पार्ट जळगावहून एसटीच्या पार्सलने आला.
दोन दिवस मेव्हण्याच्या रिक्षात तीन फेऱ्या,
दप्तरं टपावर.

तिसऱ्या दिवशी किल्ली फिरवली
आणि पुन्हा फिरवणार होतो,
गाडी सुरू झाल्याचं कळलंच नाही.
कळमसऱ्यात ओट्यावर कुणी नाही.
पुढच्या गल्लीत कुणी नाही.
मी थांबलो, वाट पाहिली, शेवटी उतरून कडी वाजवली.
चेतनची आई एका हातात कंगवा घेऊन बाहेर,
"अहो, आवाज नाही आला ना!"

फाट्यावर चिंचोके वाजले की दूध उतरवायचं.
पाण्याच्या टाकीजवळ आले की वेणीला रिबीन.
शाळेच्या अंगाला वळले की बूट.
सात घरांची सकाळ त्या ढिल्या चेनवर चालली होती
आणि मला कुणी बोललं नव्हतं.

त्या दिवशी शाळेत वीस मिनिटं उशीर.
बाईंनी मला फाटकातच उभं केलं.
मी काय सांगणार,
गाडी दुरुस्त झाली म्हणून?

आता हॉर्न वाजवतो. त्याचा आवाज बकरीसारखा,
पोरं खिडकीतून तोच परत काढतात.
जुना टेन्शनर रज्जाककडून मागून आणलाय,
समोर अगरबत्तीच्या घराशेजारी ठेवलाय.
बोरीच्या पुलावरचे खड्डे आले की वाजतो,
उगाच, थोडासा,
आणि मागच्या सीटवरची धनश्री, जी फारशी बोलत नाही,
म्हणते, "काका, आली."