दोन थांब्यांच्या मधे

एकतीस वर्षं कौनासच्या रस्त्यांवर ट्रॉलीबस चालवली.
सात नंबर. टेकडीवरून नदीकडे, नदीकडून वर.
दांडी तारेवरून निसटली की गाडी जिथल्या तिथे.
मग हातमोजे चढवायचे, मागे जायचं,
दोरी ओढून ठिणगी पडेपर्यंत तार शोधायची.
शरीराचंही असंच काही असेल,
अशी माझी समजूत होती.

आता रोज नऊ चाळीसला तीन ग्लास पाणी.
मूत्राशय भरलेलं हवं, आतडं रिकामं.
कमरेवर शाईचे तीन ठिपके, तिळाएवढे,
यंत्र त्यांच्यावरून शिंप्यासारखं माप घेतं
आणि भोवती फिरतं. दुखत नाही.
दुखणं नंतर घरी येतं, तिसऱ्या आठवड्यात,
आणि पाय पसरून बसतं.

राय धान्याचा काळा पाव बंद. कोबी बंद.
बिटाचं थंड गुलाबी सूप, दूध, सालीसकट काहीही, बंद.
पांढरा पाव चालेल, म्हणाली नर्स. केळं. मऊ भात.
लहानपणी पांढरा पाव नाताळला मिळायचा,
मी तो खिशात लपवून दोन दिवस पुरवायचो.
आता दांगुओले रोज कडा कापून पुढे ठेवते
आणि मी त्याच्याकडे बघत बसतो.
परवा तिच्या हातून काळ्या पावाचा तुकडा पडला.
तिने उचलला, ओठांना लावला, आमच्याकडे रीत आहे तशी,
आणि मला वास घ्यायला दिला.
तेवढंच. मी बराच वेळ घेतला.

तिथे बाकावर कुणी "कसे आहात" विचारत नाही.
जेनोवाइते, भूगोलाच्या निवृत्त बाई,
चष्म्यावरून बघत विचारतात, "काल किती?"
"नऊ."
"माझे अकरा," मधमाश्या पाळणारा झिग्मास म्हणतो
आणि जरा ताठ बसतो.
बाईंनी वहीच्या कागदावर शहराचा नकाशा काढलाय.
पूल नाही, चर्च नाही, किल्ला नाही,
नुसते संडास. कुठे नाणं लागतं,
कुठल्या बेकरीतली बाई काही विचारत नाही.
एकतीस वर्षं फिरलो,
हे शहर मला माहीतच नव्हतं.

वडील म्हणायचे, माणसाला पोटात ठेवता आलं पाहिजे.
शिकलो. भावाचं जाणं ठेवलं,
पगार अडकला ते महिने,
दांगुओलेला न सांगता केलेली पहिली तपासणी.
आता पोट काहीच ठेवून घेत नाही,
चमचाभर भातसुद्धा.

गुरुवारी, एकोणिसाव्या दिवशी, परत येताना सातमधेच बसलो.
गाडीवर एर्नेस्तास. त्याला मीच शिकवलं होतं:
दोन थांब्यांच्या मधे दार उघडायचं नाही,
कुणासाठीही नाही.
एकदा एक म्हातारा माझ्या केबिनच्या काचेवर बोटं आपटत होता.
मी आरशात बघितलं. नियम सांगितला.
त्याचा चेहरा घामाने भिजला होता,
मला वाटलं, प्यायलाय.

मुरडा आला. दांडा धरत धरत पुढे गेलो.
तोंडातून शब्द फुटेना.
काचेवर बोटं आपटली.
एर्नेस्तासने आरशात बघितलं.

दार उघडलं.

पोचलो नाही.
बेकरी चाळीस पावलांवर होती, मी पंचविसाव्यावर थांबलो,
लिंडनच्या झाडाला हात टेकून,
भर दुपारी, ओळखीच्या लोकांत.

दांगुओलेने विजार भिजत घातली
आणि बाथरूमच्या दाराशी स्टूल ओढून बसली.
मी आतून बोलायला लागलो.
आधी त्या म्हाताऱ्याबद्दल. मग भावाबद्दल.
मग, भीती वाटते, हे.
ती मधे मधे "हं" म्हणत होती.
मग म्हणाली, "भातात मीठ घालू का थोडं?"

"घाल," म्हटलं.

अजून नऊ बाकी आहेत.