दार न वाजवता

कुरेसारेच्या बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात
तीनशे बायका उभ्या.
हेल्वेच्या बोटांना हेरिंगचा वास,
लिंबानं तीनदा चोळूनही.
मैमूच्या स्वरलिपीच्या कागदावर, कोपऱ्यात,
गाय विण्याची तारीख.

शेवटचा स्वर चार मिनिटांचा.
एका छातीत मावणारा नव्हेच.
म्हणून ठरलेलं:
शेजारणीचा चालू असताना
आपण गुपचूप श्वास घ्यायचा
आणि परत आत शिरायचं,
दार न वाजवता.

दुसऱ्या मिनिटाला हेल्वे थांबली.
श्वासासाठी नाही.
नुसतं ऐकायला,
आपण नसताना हे कसं वाजतं.

काहीच कमी झालं नव्हतं.

तिला बरं वाटलं. थोडा रागही आला.
मैमूनं कोपरानं ढोसलं,
तशी शिरली परत,
जरा चढ्याच सुरात.