रकाना नऊ

कुपवाड एमआयडीसी, गल्लीच्या टोकाला
आमचं झिंक प्लेटिंग.
तीन टाक्या, सात माणसं
आणि नियमांसाठी राखलेली एक भिंत.
महागाई भत्ता बदलला की
जुन्या तक्त्यावर मी नवा चिकटवतो.
परवा कोपरा उचकटला, तर खाली
वडिलांच्या अक्षरातले दर,
वाचून मान खाली जावी असे.

पाणी सोडण्याआधी आता कागदाची पट्टी बुडवायची.
लाल आली तर चुना,
हिरवट आली तर हायसं.
मागचा ओढा वडिलांच्या काळात
आमच्याच पिवळ्या रंगानं वाहायचा.
पट्टी नव्हती, म्हणून कुणाला दिसलं नाही
असं आम्ही म्हणतो.

पोर्टल रात्री अकरानंतर धड चालतं.
चार रजिस्टरांचं आता एकच.
रकाना नऊ : जादा तास.
आमच्याकडे तिथं वर्षानुवर्षं
‘निरंक’ची तिरकी रेघ.

“दस्तगीर, गणपतीआधीच्या ऑर्डरीला
तीन रात्री थांबलास. काय लिहू?”
तो हातमोजे उलटे करून वाळत घालत होता.
“थांबलो ते लिवा.
दुप्पट देणार असाल तर दुप्पट लिवा.
च्या पाजला ते नका लिवू.”

मी हसलो. मग नाही.

तास भरले, रक्कम भरली,
तेवढ्यात पडदा म्हणाला :
आपला वेळ संपला आहे, पुन्हा प्रवेश करा.

केला.
“आणि वडिलांच्या वेळी रे,
किती रात्री?”

त्यानं मोज्याचं एक बोट
फुंकून सरळ केलं.
“त्याला कुठं रकाना हाय, मालक?”