सातवी स्लाइड

प्रोजेक्टर मुख्याध्यापकांच्या कपाटात असतो,
कुलपात, शिलाई मशीनच्या शेजारी.
रजिस्टरात सही केली, वेळ लिहिली: ७.४०.
वायरची पिन सैल, तिला रबर गुंडाळलेलं.
पाचपावलीची शाळा, आठवी अ, एप्रिल.
खिडक्यांना खाकी कागद चिकटवून
पोरांनी अंधार केलेला,
तरी एका भोकातून ऊन आत आलंच,
नेमकं गोंडाणेच्या कानावर.

पहिली स्लाइड : खनिज संपत्ती.
अक्षरं डावीकडून भिरभिरत आली
आणि टाळ्या पडल्या,
खनिजाला नव्हे, भिरभिरण्याला.
मी चालवून घेतलं.

दुसरी आली. मी तोंड उघडलं
तोवर तिसरी.
बटण मी दाबलंच नव्हतं.
मँगनीज गेलं, चुनखडी गेली,
"मॅडम, थांबवा ना, लिहून नाही झालं!"
"थे गेलं बे, आता काय लिहितं!"

मग लक्षात आलं.
काल रात्री घरी तालीम केली होती,
समोरच्या भिंतीला समजावून सांगत,
आणि सॉफ्टवेअरने प्रत्येक स्लाइडची वेळ
मुकाट्याने मोजून ठेवली होती.
भिंतीला वही नसते.
तिच्या पेनातली शाई संपत नाही,
ती "पाणी पिऊन येऊ?" म्हणत नाही.
त्या भिंतीच्या चालीने मी आज
बेचाळीस पोरं पळवत होते.

सातवीवर सगळं थांबलं.
कोळशाची उघडी खाण, वरून काढलेला फोटो,
पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेला काळा खड्डा,
तळाशी मुंगीएवढे ट्रक.
वीस सेकंद. चाळीस. मिनिट.
"पुढे काहून नाही जाऊन राहिलं?"

कारण सातवीवर असताना
काल बाबांनी हाक मारली होती.
त्यांना धरून बाथरूमपर्यंत नेलं,
पाय पुसले, चादर बदलली,
"तू कुणाशी बोलत होतीस?" म्हणाले,
मी म्हटलं, शाळेचं आहे.
परत येऊन पुढचं बटण दाबलं.
ते सगळं आता इथे, पडद्यावर,
खाणीच्या फोटोच्या आड चाललेलं,
आणि ते फक्त मला दिसत होतं.

एस्केप दाबता आलं असतं.
हात गेला नाही.

शेवटच्या बाकावरून श्रावस्ती रामटेके उठली.
वर्षभरात हजेरीपलीकडे तिचा आवाज ऐकला नव्हता.
पडद्याजवळ आली, खड्ड्याच्या डाव्या कोपऱ्यावर
बोट ठेवलं.
"इथं आमच्या आबाजीची विहीर होती.
हे उमरेडकडचंच आहे ना जी?
इथून रस्ता. इथं बोरीचं झाड.
खाण सरकत सरकत आली, मग पैसे भेटले,
मग आम्ही इकडे आलो."
कुणी हसलं नाही.
गोंडाणेने विचारलं, विहिरीला पाणी होतं?
"होतं तर. बुजवली तेव्हाही होतं."
मग कुणाचा मामा तिथे डंपर चालवतो ते निघालं,
कुणाच्या घराला सुरुंगाने तडा गेलाय ते,
आणि कोळसा हा शब्द
पुस्तकातल्यापेक्षा जड झाला.

तो फोटो उमरेडचा नव्हता.
मी नेटवरून उचललेला,
कुठल्या देशातला तेही पाहिलं नव्हतं.
मी बोलले नाही.
हे बरोबर केलं की चूक,
अजून ठरत नाही.

नऊ मिनिटं चाळीस सेकंदांनी
आठवी आपोआप आली : अभ्रक.
श्रावस्तीचं बोट अजून पडद्यावरच,
आता एका चकाकत्या दगडावर.

घरी जाऊन साऱ्या वेळा पुसल्या.
सातवीची तेवढी ठेवली.

दुसऱ्या दिवशी आठवी ब.
सातवी आली, थांबली,
आणि कुणीच उठलं नाही.
कूलर घरघरत राहिला,
पाण्याचा पाइप टपटपत राहिला,
चौथ्या मिनिटाला मागून एक आवाज :
"मॅडम, हँग झालं वाटते."
मी म्हटलं, नाही रे,
चालू आहे.